सहाणेवरचा हिशेब

हे बघ, आधीच सांगते, रागावू नको. तू पाठवलेला तो फोटो पाहिला. काळी डबी, वर सोनेरी अक्षरांत हळदीचं नाव, आणि किंमत अशी, की तेवढ्यात आपल्याकडे उमरखेडच्या एखाद्या शेतकऱ्याकडून घरची वर्षाची हळद येईल आणि वर धण्या-मिरचीचंही भागेल. खाली तू लिहिलंस, "ताई, घेऊ का गं? नैसर्गिकच आहे नं?" नैसर्गिक तर धोतराही आहे बाई. आपल्या धुऱ्यावर दरवर्षी उगवतो, म्हणून कोणी त्याची चटणी करत नाही.

हळदीच्या गावात वाढलेली पोर तू, आणि पुण्याला जाऊन हळद डबीतून घेणार? पैनगंगेच्या काठानं उमरखेड, महागाव आणि पुसदचा काही भाग, हा आपल्या यवतमाळचा हळदीचा पट्टा. नदी ओलांडली की हिंगोली-नांदेड. तिकडच्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, वर्ध्याकडच्या वायगावच्या हळदीला त्याच्या किती आधी, २०१६ मध्येच. आठवतं नं, संक्रांतीनंतर हळद निघायला लागली की शेताशेतात कढया चढायच्या, शिजलेल्या हळदीचा तो ओलसर, मातकट वास ओढणीलाही लागायचा. मग पंधरवडाभर उन्हात वाळवणं, मग ड्रममध्ये घालून घासणं, आणि तेव्हा कुठे ते पिवळंजर्द हळकुंड दिसायचं.

आता त्या डबीतल्या गोळीचं गणित ऐक. हळदीतला जो गुणाचा भाग म्हणतात, ते कर्क्युमिन शंभर ग्रॅम हळदीत साधारण दोन ते पाच ग्रॅम असतं. तू वरणात चिमूटभर टाकतेस, दिवसभरात माणशी ग्रॅमभर हळद पोटात जाते असं धरू. म्हणजे तीसेक मिलिग्रॅम कर्क्युमिन. अर्क काढून केलेल्या पाचशे मिलिग्रॅमच्या एका गोळीत पावणेपाचशेच्या घरात असतं. पंधरा-सोळा ग्रॅम हळद एका घोटात! तेवढी हळद आजीनं कधी भाजीत घातली असती तर आबाजींनी ताट सरकवलं असतं.

पुढची गंमत मिऱ्याची. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं. म्हणून आपली हळद फोडणीत आधी तेलात पडते, हळदीच्या दुधात तूप पडतं. एवढं करूनही शरीर ते फारसं घेत नाही. १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी दाखवलं, की सोबत मिऱ्यातलं पायपरीन दिलं तर रक्तात जाणारं कर्क्युमिन वीसपट वाढतं. झालं! तेव्हापासून गोळीवाल्यांनी हळदीला मिऱ्याचा अर्क जोडला. पण पायपरीन हे करतं कसं, ते डबीवर लिहीत नाहीत. नको असलेल्या वस्तू बाहेर काढायचं यकृताचं काम ते मंद करतं. म्हणजे हळदीसोबत तुझी दुसरी औषधंही अंगात जास्त वेळ राहू शकतात. २०१९ मध्ये इटलीत हळदीच्या गोळ्या घेणाऱ्या लोकांना यकृताला सूज आल्याची प्रकरणं पुढे आली, नंतर अमेरिकेतही आली. वरणातल्या हळदीनं असं काही झाल्याचं ऐकलंस कधी?

हळदीवर माझा विश्वास नाही असं मात्र समजू नको. जखमेवर हळद लावायची ही आपली गोष्ट १९९५ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या नावावर पेटंट म्हणून नोंदवली गेली होती, ठाऊक आहे नं? आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं, तेव्हा रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख होते, जुने ग्रंथ आणि १९५३ चा एका वैद्यकीय नियतकालिकातला लेख समोर ठेवून ते १९९७ मध्ये रद्द करून आणलं. हे नवं नाही, आमच्या आज्यांना आधीपासून माहीत आहे, हे कागदोपत्री सिद्ध झालं. आजीला नुसती हळद माहीत नव्हती पण. किती, कधी, कोणाला आणि कुठे थांबायचं, हेही माहीत होतं. डबीवाले नेमकं तेवढंच मागे ठेवून हळद घेऊन गेले.

यावरून बाळाच्या गुटीकडे येते, कारण खरा प्रश्न तुझा तोच आहे आणि तो तू सगळ्यात शेवटी, घाबरत घाबरत विचारलास.

गुटीचा तो लाकडी डबा तुझ्या डोळ्यांपुढे असेल. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, हिरडा, बेहडा, सुंठ, जायफळ, अतिविष, काकडशिंगी, जेष्ठमध, खारीक, बदाम. आजी पाय पसरून बसायची, सहाणेवर थेंबभर दूध घ्यायची आणि एकेक काडी फिरवायची. बदाम, खारीक मोकळ्या हातानं. हळकुंडाचे दोन वेढे. जायफळाला हात लावला की मात्र तिचं बोलणं बंद व्हायचं. जायफळाचा एक वेढा, बाळ लहान असेल तर अर्धाच. कोणी मध्ये काही विचारलं तर डोळ्यांनीच गप्प करायची, वेढे मोजताना चुकू नये म्हणून. काटा नाही, मिलिग्रॅम नाही, पण दगडावर वस्तू किती वेळा फिरली यावर मात्रा ठरवायची, यापेक्षा बारीक माप त्या स्वयंपाकघरात कुठून येणार? जायफळानं बाळ गुंगतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. वेखंड जास्त झालं की ओकारी होते, हेही. अमेरिकेत १९६८ पासून वेखंड खाण्याच्या पदार्थांत घालायला बंदी आहे, त्यातल्या एका घटकापायी. आजीला त्या घटकाचं नाव माहीत नव्हतं, वेढा माहीत होता.

आता बाजारात गुटी पूड करून डबीत मिळते, "चमचाभर मधातून द्या" असं लिहून. चमचाभर! त्यात जायफळ किती, वेखंड किती, कोण सांगणार? आणि मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला द्यायचाच नाही. मधात कधी कधी असे बीजाणू असतात की बाळाच्या कोवळ्या आतड्यात ते रुजतात आणि त्याचं अंग लुळं पाडतात. मोठ्या माणसाला त्याचं काही होत नाही, म्हणून आपल्याला ते खोटं वाटतं.

तर माझं स्पष्ट मत ऐक. तुझं लेकरू तीन महिन्यांचं. सहा महिने पुरे होईस्तोवर फक्त अंगावरचं दूध. गुटी नाही, पाणी नाही, साखरपाणी नाही. तुझे डॉक्टर हेच म्हणतात, आपल्या गावातली आशाताई हेच घरोघर सांगत फिरते, आणि मलाही तेच पटतं. सहाण कितीही धुतली तरी दगडच तो, पावसाळ्यात त्याच्या खाचेत काय राहतं ते दिसत नाही, आणि त्या वयात एक हगवण फार महागात पडते. आजीच्या काळी गुटी देऊन पोरं वाढली, खरं आहे. गेली ती किती, हे मात्र त्या पिढीतल्या बाया मोठ्यानं बोलत नसत.

सासूबाईंना हे असं फाडकन सांगू नको. त्यांना म्हण, "आई, तुमच्या हातची मालीश बाळाला फार आवडते, ती तुम्हीच करा." तिळाचं तेल कोमट करून द्या हाताशी. माणसाला आपलं काही चालतं एवढं तरी वाटलं पाहिजे गं. धुरीला मात्र नाहीच म्हण. ओवा, वावडिंग, धूप, वास छान असतो सगळ्याचा, पण धूर तो धूर. पावडरीसारखं वेखंड अंगाला चोळणं नको, डोळ्यांत काजळ नको.

तू मात्र खा. बाळंतिणीचं खाणं ही आपल्याकडची खरी दौलत आहे, आणि तिथे मी आजीच्या एक पाऊल पुढे जाईन. डिंक घेताना धावड्याचाच घे. आपल्या केळापूर, झरी जामणी, मारेगावकडच्या जंगलातून कोलाम लोक तो गोळा करून आणतात, उन्हाळ्यात झाडाला आलेला, मधाच्या रंगाचा. बाभळीचा डिंकही लाडवात चालतो, पण तळल्यावर धावड्याचा जसा फुलतो तसा तो फुलत नाही. मग अळीव, त्यात लोह चांगलं, पण ते आधी भिजव, कोरडं खाऊ नको. खारीक, खोबरं, सुंठ, थोडी मेथी. आणि गोडंबी. पुण्यात गोडंबी म्हटलं की दुकानदार तोंडाकडे बघतो नं? बिब्याच्या आतला गर तो. चव काजू-बदामाच्या मधली, तूप तर असं सुटतं! पण विकत घेताना एवढं ध्यानात ठेव, की बिब्याच्या टरफलात जे काळं तेल असतं ते कातडी भाजतं. बिबे फोडणाऱ्या बायांचे हात बघ कधी, काळे डाग आणि फोड. म्हणून गोडंबी स्वच्छ, पांढरट बघून घे. काळ्या डागांची स्वस्त मिळाली तरी नको. आणि बिब्याचं तेल पायाला लाव, पाठीला लाव असं कोणी सांगितलं तर कानावरून जाऊ दे. बाळाच्या अंगाला तर जवळही फिरकू देऊ नको.

पोटाचं काय विचारतेस, ते सोपं. जड झालं तर ओवा चिमूटभर, सैंधव, वर गरम पाणी. ओव्यातलं थायमॉल पोटातला वारा मोकळा करतं. दाढ दुखली तर लवंग दाढेखाली धर, बधिरपणा येईल, पण कीड काही लवंगेनं जाणार नाही, दाताच्या डॉक्टरची वेळ त्याच दिवशी घे. खोकल्याला सुंठ आणि जेष्ठमध. मात्र बीपी असलेल्या माणसानं जेष्ठमध रोज चघळू नये, त्यानं बीपी चढतं. बस. यापलीकडे मसाल्याच्या डब्याकडून फार अपेक्षा नको.

काढ्याचं मात्र बोलू दे मला. २०२० मध्ये कोरोनाच्या दिवसांत आयुष मंत्रालयानं सांगितलेला काढा आठव: तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरी एक. बघ, त्यातही भाग मोजून दिले होते. लोकांनी काय केलं? त्यात लवंगा, वेलदोडे, गुळवेल, हळद, जे सापडेल ते, आणि दिवसातून चार वेळा. मग छातीत जळजळ, तोंडात फोड, आणि वर म्हणायचं की काढा "लागू पडतोय." गुळवेलीचंही तसंच. आपल्या कडुलिंबावर चढलेली गुळवेल तापातून उठलेल्या माणसाला काही दिवस द्यायचे, आठवत असेल तुला. पण महिनोन्‌महिने रोज रस पिणाऱ्या काही लोकांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये लिहिलं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, वाद झाला. माझ्यापुरतं मी ठरवलं, की गुळवेल तापापुरती, रोजच्या चहासारखी नाही. ज्याला आधीच यकृताचा किंवा संधिवाताचा त्रास आहे त्यानं तर विचारल्याशिवाय नाहीच.

उन्हाळ्याचं तुला पुण्यात बसून काय कळणार! इकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा डांबरी रस्ता चपलेला चिकटतो. मार्चमध्ये पळस फुलला की मी फुलं आणून सावलीत वाळवून ठेवते. रात्री घंगाळात भिजत टाकली की सकाळी पाणी केशरी, पोरांची आंघोळ त्या पाण्यानं. अंग गार पडतं की नाही याचं मोजमाप माझ्याकडे नाही, पण पोरं आंघोळीला पळत नाहीत, हाही फायदाच. कैरीचं पन्हं, जिरं लावलेलं ताक, अंबाडीचं सरबत, माठात वाळ्याची जुडी. या सगळ्यात खरं काम करतं ते पाणी आणि मीठ. बाकीच्यांमुळे ते पाणी घशाखाली उतरतं. खिशात कांदा ठेवून कोणी उन्हातून गेलं तर जाऊ दे, पण कांदा आहे म्हणून टोपी आणि पाण्याची बाटली घरी राहिली तर तो कांदा काय कामाचा?

आणि हे नीट ऐक, उन्हाळ्यात तू माहेरी येशील तेव्हासाठीही. माणूस तापून लाल झाला, बरळायला लागला किंवा उठवून उठेना, तर ते साधं ऊन लागणं नव्हे. तळपायाला कांदा चोळत बसायचं नाही. सावलीत घे, कपडे सैल कर, सगळं अंग ओलं करून वारा घाल आणि १०८ ला फोन कर. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पन्ह्याचा थेंबही घालू नको, श्वासनलिकेत जातं.

पावसाळ्यातला तरोटा तुला आवडतो नं, तुमच्याकडे ज्याला टाकळा म्हणतात तो? पहिल्या पावसानंतरचा कोवळा पाला, लसूण-मिरचीची फोडणी. घोळ, चिवळ, नंतर काटवलं. आजी म्हणायची, वर्षातून एकदा तरी तरोटा पोटात गेला पाहिजे. आता मात्र मी वाटेवरचा तरोटा तोडत नाही. कपाशीच्या शेतात तणनाशकाची फवारणी इतकी वाढली आहे की धुऱ्यावरचा कोवळा पाला कालच न्हालेला आहे की काय ते दिसून कळत नाही. तणनाशक मारल्याबरोबर पान काही पिवळं पडत नाही, दोन-चार दिवस हिरवंच दिसतं. म्हणून ज्या शेताचा मालक ओळखीचा, तिथलाच पाला, आणि विचारूनच. बाजारात विकायला बसलेल्या बाईलाही मी विचारते, कुठून आणला. ती हसते, पण सांगते.

फवारणीवरून आलंच. २०१७ चा पावसाळा आपल्या जिल्ह्यातला कोणी विसरू शकत नाही. कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात होते, यवतमाळच्या शासकीय रुग्णालयाचे वॉर्ड भरले होते. अशा वेळी घरात पहिली धावपळ होते ती दुधासाठी, तुपासाठी, लिंबासाठी. त्यातलं काही द्यायचं नाही. तूप-दुधानं काही विषं उलट लवकर अंगात मुरतात. कपडे उतरव, साबण-पाण्यानं अंग धू, औषधाचा डबा सोबत घे आणि निघ. डबा यासाठी, की डॉक्टरला आत काय होतं ते कळलं पाहिजे. तुझ्या दिराला हे सांगून ठेव, सुट्टीत शेतावर येऊन हौसेनं पंप पाठीला लावतो तो.

साप चावला तरी तेच. घोणस असो, मण्यार असो, कोणत्याही मुळीनं, पाल्यानं त्याचं विष उतरत नाही. मण्यार चावल्याचं तर दुखतही नाही, म्हणून लोक पाला लावून झोपतात आणि सकाळी उशीर झालेला असतो. बांधाबांध नको, कापणं नको, हात-पाय हलू न देता सरळ सरकारी दवाखाना. कावीळ उतरवणाऱ्याकडे मात्र लोक गाडी करून जातात, आणि कधी कधी बरेही होतात, कारण काही काविळी आपोआपच उतरतात. ज्या उतरत नाहीत त्यांचे दिवस वाया जातात.

आता तुझ्या घरच्या साखरेचं. सासऱ्यांना तू मेथीचं पाणी, कारल्याचा रस देतेस म्हणालीस. मेथी दे, कारल्याची भाजी दे, पण गोळी बंद करून नाही, आणि गोळी चालू ठेवून रस भरमसाट वाढवूनही नाही. साखर फार खाली गेली तर भोवळ येऊन माणूस पडतो. ते रक्त पातळ करायचीही गोळी घेतात असं तू मागे बोलल्यासारखं वाटतं. तसं असेल तर ती हळदीची डबी त्यांच्या हाती लागू देऊ नको. तिच्यानं रक्तस्राव वाढायचा धोका असतो.

पार्सल सोमवारी टाकते. हळद महागावकडची, दळून नाही, हळकुंडंच पाठवते, तू घरी फोड. डिंक, गोडंबी वेगळ्या पुड्यांत आहेत. लाडवाचं प्रमाण कागदावर लिहून ठेवलंय. सुंठ त्याहून जास्त घालू नको, दूध पाजतेस तू. आणि सासऱ्यांच्या त्या गोळीचं नाव तेवढं व्हॉट्सअॅपवर टाक, पाकिटाचा फोटोच काढ म्हणजे वाचता येईल.